नाव हजेरीपटावर, पण वर्गात जागा कुठे?

वाचकाचे पत्र

मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या शाळेत वर्ग सातवीपासूनच सुरू होतात, त्यामुळे माझ्या वर्गातील ४२ मुलेमुली वेगवेगळ्या लहान शाळांमधून पहिल्यांदाच एकत्र आली आहेत. सहामाहीनंतर मी वर्गात एक पेटी ठेवली आणि नाव न घालता मनातले लिहायला सांगितले. एका चिठ्ठीत होते, ‘मी चार दिवस आले नव्हते. आल्यावर कोणीच काही विचारले नाही. बाईंनीसुद्धा नाही.’ तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. मी मैत्री सप्ताह साजरा केला, वाढदिवसांचा फलक लावला, ओळखीचे खेळ घेतले. पण खेळ संपला की मुले आपापल्या घोळक्यात परततात आणि सहा-सात जण भिंतीकडेला उरतात. सहकारी म्हणतात, हे वयच असे असते. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शिस्त लागू द्या, आपलेपणा मागून येईल. या वर्गावर माझे दिवसाला दोनच तास असतात. चिठ्ठी लिहिणारी मुलगी मी शोधून काढावी का? आणि वर्गाचे वातावरण बदलण्यासाठी नेमके काय करावे?

— एक वर्गशिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला शोधू नका. सहामाहीच्या उत्तरपत्रिका हाताशी असल्याने अक्षर जुळवून पाहण्याचा मोह होईल, आणि त्यामागचा तुमचा हेतू चांगलाच असेल. पण नाव न घालण्याची मोकळीक तुम्ही दिली होती आणि तिने त्याच भरवशावर लिहिले आहे. तुम्ही तिच्यापर्यंत पोहोचलात, तर ती गोष्ट वर्गात पसरायला वेळ लागणार नाही आणि त्या पेटीत पुन्हा कोणी खरे लिहिणार नाही. याला एकच अपवाद आहे. चिठ्ठीत स्वतःला इजा करून घेण्याचा, जगणे नकोसे झाल्याचा किंवा कोणी छळ करत असल्याचा उल्लेख असता, तर गुप्तता बाजूला ठेवून त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांना सांगणे तुमचे कर्तव्य ठरले असते. ही मर्यादा पेटी ठेवतानाच मुलांना स्पष्ट सांगून ठेवावी. तुमच्याकडे आलेली चिठ्ठी तशी नाही.

तिला उत्तर मात्र मिळाले पाहिजे आणि ते सगळ्या वर्गाला मिळून देता येते. ‘गैरहजर राहून परत आल्यावर कोणी विचारले नाही, असे एकाने लिहिले आहे. तसे व्हायला नको होते. सोमवारपासून आपण त्यासाठी एक पद्धत सुरू करू,’ एवढे सांगणे पुरे आहे. त्यावर भाषण नको, मुलांना ओशाळे वाटेल असा प्रश्न नको, आणि ‘कोणाला असे वाटते त्यांनी हात वर करा’ हे तर मुळीच नको.

ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचून पाहा. तिच्यात एकाकीपणाचे वर्णन कुठेच नाही; तिच्यात एका कार्यपद्धतीविषयीची अचूक तक्रार आहे. चार दिवस हजेरी घेतली गेली, चार दिवस नावापुढे गैरहजेरीची खूण झाली, आणि त्या खुणेमुळे कोणाच्याही वागण्यात काहीही बदल झाला नाही. तुमच्या पत्रातील उपायांचे काय चुकले, याचेही उत्तर मला इथेच दिसते. मैत्री सप्ताह, फलक आणि खेळ हे तुम्ही नेहमीच्या दिनक्रमाबाहेर केलेले कार्यक्रम आहेत. मुले आपली जागा कार्यक्रमात शोधत नाहीत. हजेरी कशी घेतली जाते, गट कसे पडतात, चूक झाल्यावर काय बोलले जाते, वही परत देताना बाईंची नजर कुठे असते, या रोज घडणाऱ्या गोष्टींवरून ती आपल्याला इथे धरले आहे की नाही याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज सहसा बरोबर असतो.

आता वयाबद्दल. तुमचे सहकारी अर्धे खरे सांगत आहेत. बारा-तेराव्या वर्षी मुलांचे लक्ष घरातून बरोबरीच्या मुलांकडे वळते, आपण इतरांना कसे दिसतो याची जाणीव तीव्र होते, आणि आपल्याबाबतचे निर्णय थोडे तरी आपल्याला घेऊ द्यावेत अशी ओढ लागते. मात्र नेमक्या याच वेळी शाळा बदलते आणि ती उलट्या दिशेने बदलते. एका वर्गशिक्षिकेऐवजी सात-आठ शिक्षक येतात आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला शे-दीडशे मुले सांभाळायची असतात, नियम कडक होतात, गुणांची तुलना उघड होऊ लागते, आणि मुलांना काही ठरवू देण्याचे प्रसंग वाढण्याऐवजी घटतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलीन एकल्स आणि कॅरोल मिडग्ली यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हीच विसंगती मांडली होती: या वयात अभ्यासाच्या ओढीत होणाऱ्या घसरणीचे खापर केवळ वयावर फोडता येत नाही, कारण वाढत्या मुलाच्या गरजा आणि त्याला मिळणारी शाळा यांचा मेळ याच टप्प्यावर तुटतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेतून पुढच्या शाळेत गेलेल्या मुलांचा गणिताविषयीचा दृष्टिकोन तपासला होता. आधार देणाऱ्या शिक्षकांकडून तसा आधार न देणाऱ्या शिक्षकांकडे गेलेल्या मुलांना गणित कमी मोलाचे वाटू लागले, तर ज्यांना आधीपेक्षा अधिक आधार देणारे शिक्षक मिळाले त्यांच्या बाबतीत उलट घडले. वय दोन्हीकडे सारखेच होते. तेव्हा ‘वयच असे असते’ हे वाक्य शिक्षक-खोलीत पुन्हा ऐकू आले, तर त्यावर वाद घालण्यापेक्षा ‘मग या वयाच्या मुलांना आपण इथे वेगळे काय देतो?’ असे विचारून पाहा.

वर्ग आपला वाटण्यासाठी काय लागते, याविषयी रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये केलेली मांडणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. माणसाला दोन गोष्टी एकत्र हव्या असतात: इतरांशी वरचेवर होणारा, त्रास नसलेला संपर्क, आणि हे नाते टिकणारे आहे, समोरच्याला आपली फिकीर आहे, हा विश्वास. यांतील एकच असून भागत नाही. तुमच्या खेळांतून मुलांचा संपर्क आला, पण तो खेळापुरता राहिला; फिकीर टिकून आहे याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कॅरोल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये खास या वयाच्या मुलांसाठी १८ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात मित्र किती आहेत हे मोजलेले नाही. मी एखाद्या गोष्टीत चांगला असलो तर इथे ते कोणाच्या लक्षात येते का, माझे म्हणणे गांभीर्याने घेतले जाते का, अडचण आली तर बोलता येईल असे किमान एक मोठे माणूस या शाळेत आहे का, अशा तऱ्हेची विधाने तिच्यात आहेत. मुलांनी एकमेकांवर प्रेम करावे ही जबाबदारी तुमच्यावर नाही, आणि ते साधणारही नाही. पण या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी मोठ्यांच्या हातात आहेत.

म्हणून सुरुवात गैरहजेरीपासून करा. ४२ मुलांच्या वर्गात बहुधा रोज कोणीतरी नसते, त्यामुळे ही पद्धत एका मुलीसाठी सुरू केली आहे असे कोणालाही वाटणार नाही. चिठ्ठी लिहिणारीलाही तिचा लाभ मिळेल. हजेरी घेताना क्रमांकाऐवजी नाव घ्या आणि मान वर करून त्या मुलाकडे पाहा. गैरहजर मुलाच्या जागी त्या दिवसाचा अभ्यास, वाटलेले कागद आणि दिलेला गृहपाठ एका पाकिटात ठेवण्याचे काम आठवड्याच्या पाळीने दोघांना द्या; पाळी सगळ्यांना येईल, हुशार मुलांना कायमची नको. मूल परत आले की पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याशी एक वाक्य बोला. ‘का आला नाहीस?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारू नका. त्याचे खरे उत्तर कित्येकदा सांगण्यासारखे नसते आणि मग मूल खोटे सांगते किंवा गप्प बसते. ‘मंगळवारी आपण अपूर्णांकाचे ते अवघड उदाहरण सोडवले, तेव्हा तू हवी होतीस, पाकीट बाकावर आहे, समजले नाही तर मधल्या सुट्टीत ये,’ असे काहीतरी म्हणावे. या वाक्यात तिच्या नसण्याने पडलेला फरक आहे आणि पुढची वाट आहे. अर्थात ते खरे असले पाहिजे. सगळ्यांना तेच ठरावीक वाक्य ऐकवले तर दोन आठवड्यांत मुले त्याची नक्कल करू लागतील, आणि या वयाची मुले नक्कल फार चांगली करतात.

पाकिटाचा दुसरा उपयोग कमी लेखू नका. चार दिवस चुकलेल्या मुलाला परत आल्यावर अभ्यास कळत नाही, कोणाला विचारावे हे कळत नाही, मग ते शेवटच्या बाकावर दिसेनासे होण्याचा प्रयत्न करते आणि पाचव्या दिवशी पोट दुखू लागते. आपलेपणा आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून शाळा चालवल्या जातात; मुलाच्या अनुभवात त्या वेगळ्या नसतात.

दुसरी जागा म्हणजे गट. खेळात किंवा प्रकल्पात दोन नायक निवडून त्यांना एकेक जण उचलायला सांगण्याची पद्धत तुमच्या वर्गात असेल तर ती उद्यापासून बंद करा. शेवटी कोण उरते हे सगळ्यांना आधीच माहीत असते आणि तरीही दर वेळी ते सर्वांसमोर जाहीर केले जाते. किपलिंग विल्यम्स यांनी २००० सालापासून संगणकावरच्या चेंडूफेकीच्या एका साध्या खेळाद्वारे वगळले जाण्याचा अभ्यास केला आहे. दोन अनोळखी खेळाडू चेंडू एकमेकांकडेच फेकत राहिले आणि तिसऱ्याला तो मिळेनासा झाला, की काही मिनिटांतच त्या तिसऱ्याचा आपलेपणा आणि स्वतःविषयीचे मत दोन्ही खालावतात. समोर माणसे नसून संगणकच खेळत आहे हे ठाऊक असतानाही तसे घडते. अनोळखी खेळाडूंकडून इतके होत असेल, तर रोज शेजारी बसणाऱ्यांकडून काय होत असेल याची कल्पना करावी. गट तुम्ही पाडा, ते दर तीन आठवड्यांनी बदला, आणि बाकांची अदलाबदल ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका, कारण तसे केले की नव्या शेजाऱ्याला आपण कोणाची तरी शिक्षा आहोत असे वाटते.

मात्र मुलांना एकत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. एकच तक्ता चौघांनी मिळून करायचा असेल तर दोघे तो करतात, तिसरा खडू आणून देतो आणि चौथी पाहत राहते. असा गट तिला एकटे बसण्यापेक्षाही जास्त एकटे पाडतो. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वर्णभेदाची विभागणी संपवून मुले पहिल्यांदाच एकत्र आणली गेली आणि वर्गात तणाव वाढला, तेव्हा एलियट अरॉनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक तोड काढली. धड्याचे जितके भाग तितकी मुले गटात घ्यायची, प्रत्येकाला एकच भाग द्यायचा, सर्व गटांतील त्या-त्या भागाच्या मुलांनी आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करायचा, आणि मग आपल्या गटात परत जाऊन तो इतरांना शिकवायचा. चाचणी पूर्ण धड्यावर असते, त्यामुळे अडखळत बोलणाऱ्या मुलाचेही लक्षपूर्वक ऐकणे सगळ्यांच्या फायद्याचे ठरते. तुमच्या दोन तासांपैकी आठवड्यातून एक तास यासाठी राखून ठेवलात तर अभ्यासक्रम मागे पडणार नाही, कारण धडा शिकवला जातोच आहे. भिंतीकडेला उभ्या राहणाऱ्या मुलांना सर्वांत आधी मैत्रीची गरज असते असे मला वाटत नाही. आपल्याकडे असे काहीतरी आहे की ते इतरांना मिळाल्याशिवाय त्यांचे काम पुढे सरकणार नाही, हा अनुभव त्यांना आधी मिळायला हवा; मैत्री झाली तर त्यातूनच होते.

त्या सहा-सात जणांना एकाच नावाने ओळखणेही टाळायला हवे. त्यांच्यातील एखाद-दुसरे मूल मुळातच एकांतप्रिय असेल. त्याला पुस्तक घेऊन बसायला आवडते, एक जिवलग दुसऱ्या तुकडीत आहे आणि त्याचे तेवढ्यावर छान चालले आहे. त्याला ओढून घोळक्यात बसवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. काही जण केवळ राहून गेलेले असतात, म्हणजे त्यांच्याविषयी कोणाच्या मनात राग नसतो, पण नव्या शाळेत पहिल्या दोन आठवड्यांत घोळके जमले तेव्हा ते आजारी होते किंवा त्यांच्या जुन्या शाळेतून आलेले दुसरे कोणी नव्हते. गट आणि बाक बदलण्याचा सर्वांत जास्त उपयोग यांना होतो. तिसरा प्रकार गंभीर आहे: ज्यांना कोणीतरी ठरवून बाहेर ठेवते, नाव ठेवते, मोबाइलवरच्या वर्गाच्या गटातून काढून टाकते. अशा मुलासाठी गटकार्य हा उपाय नाही. त्याला त्रास देणाऱ्यांबरोबर ‘समजूत घालण्यासाठी’ समोरासमोर बसवणे तर घातक ठरते, कारण दोन्ही बाजू तिथे समान नसतात.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की या छळात केवळ दोन पक्ष नसतात. त्रास देणाऱ्याला साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे, बाजूला राहणारे आणि बचाव करणारे अशा भूमिका वर्गभर वाटलेल्या असतात. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की त्रास देणाऱ्याशी वेगळे आणि ठामपणे बोलावे, त्रास होणाऱ्याला सुरक्षित वाटेल अशी व्यवस्था तिला विचारून करावी, आणि उरलेला वेळ हसणाऱ्यांवर खर्च करावा. त्यांतील बहुतेकांना ते आवडत नसते. आपण हसलो नाही तर पुढची पाळी आपली, एवढेच त्यांना वाटत असते. एकेकट्याला बाजूला घेऊन ‘पुढच्या वेळी तू हसला नाहीस तरी मला पुरे आहे’ असे सांगितले, तर ते त्याच्या आवाक्यातले असते. ‘तू तिच्या बाजूने उभा राहा’ हे मागणे पहिल्याच दिवशी फार मोठे होते.

कोण कोणत्या प्रकारातले आहे हे ओळखण्यासाठी मुलांना ‘पुढच्या प्रकल्पात कोणत्या तिघांबरोबर काम करायला आवडेल?’ असे कागदावर लिहून द्यायला सांगा. नको असलेली नावे कधीही विचारू नका. ज्याचे नाव एकाही कागदावर नाही, ते मूल तुम्हाला कळेल. पुढचा गट पाडताना त्याने लिहिलेल्या तिघांपैकी निदान एक जण त्याच्याबरोबर ठेवा आणि ते कागद घरी नेऊन फाडून टाका. मधल्या सुट्टीत मैदानाची कड, जिना आणि स्वच्छतागृहाबाहेरची जागा यांवरही आठवडाभर लक्ष ठेवा, कारण जिथे कोणत्याच शिक्षकाची जबाबदारी नसते तिथेच बरेच काही घडते.

मुख्याध्यापकांचे म्हणणे मी सर्वांत शेवटी घेत आहे, कारण त्यात तुम्हाला वाटते त्याहून अधिक तथ्य आहे. बेशिस्त वर्गात भित्र्या मुलाला कधीच आपलेपणा वाटत नाही. तिथे मोठ्या आवाजाच्या मुलांचे राज्य असते. म्हणून शिस्त आणि आपलेपणा यांच्यात निवड करायची आहे असे त्यांच्यापुढे मांडू नका. प्रश्न शिस्तीच्या रीतीचा आहे. मुले नियम किती कडक आहेत यापेक्षा तो सगळ्यांना सारखा लागतो का हे बारकाईने पाहतात: तीच वही विसरल्याबद्दल एकीला ‘उद्या आण’ आणि दुसऱ्याला वर्गाबाहेर उभे, असे झाले की त्या दुसऱ्याने आपली जागा ओळखलेली असते. जेसन ओकोनोफुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पाच शाळांतील गणिताच्या शिक्षकांकडून, मूल असे का वागले असेल हे समजून घेण्याविषयी आणि शिस्त लावतानाही त्याच्याशी नाते टिकवण्याविषयी, थोडक्या वेळाचे वाचन-लेखन करून घेतले. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात शाळेतून तात्पुरते काढले गेलेल्यांचे प्रमाण ४.८ टक्के राहिले. इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते ९.६ टक्के होते. नियम तेच होते. मुख्याध्यापकांना शिस्तीच्या भाषेतच पटवायचे असेल तर हा दाखला वापरा.

वहीवरचे शेरेही याच सदरात येतात. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात सातवीच्या मुलांना निबंधावर शिक्षकांच्या नेहमीच्या टीकेबरोबर एक छोटी चिठ्ठी दिली गेली. काहींच्या चिठ्ठीत, माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकशील हे मला माहीत आहे म्हणून या सूचना देत आहे, अशा आशयाचे वाक्य होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये, ज्यांना शिक्षकांच्या टीकेमागे पूर्वग्रह असल्याची शंका येण्यास कारणे होती, निबंध सुधारून परत देणाऱ्यांचे प्रमाण साधी चिठ्ठी मिळालेल्यांत १७ टक्के, तर ही चिठ्ठी मिळालेल्यांत ७२ टक्के होते. अभ्यास लहान होता, म्हणून हे आकडे मी जसेच्या तसे तुमच्या वर्गाला लावणार नाही; पण तांबड्या शाईच्या खुणा कोणत्या हेतूने केल्या आहेत हे मुलाला सांगावे लागते, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

पुढच्या वर्षीच्या नव्या तुकडीसाठी एक गोष्ट आताच तयार करून ठेवता येईल. जेफ्री बोरमन यांच्या गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतील ११ शाळांतील सहावीच्या १,३०४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. नव्या शाळेत आलेल्या या मुलांना मोठ्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परके वाटले, शिक्षकांची भीती वाटली, पण हळूहळू ते कमी झाले. त्यावर मुलांनी स्वतः थोडे लिहिले, आणि असे लेखन दोनदा झाले. शिस्तभंगाचे प्रसंग ३४ टक्क्यांनी आणि नापास श्रेणी १८ टक्क्यांनी घटल्या, उपस्थितीही सुधारली. तुम्ही वर्षअखेरीस आपल्या मुलांकडून अशी पत्रे लिहून घ्या, नावे काढून टाका आणि जूनची वाट न पाहता नीट लावून ठेवा. गुळमुळीत पत्रे वगळा. ‘पहिले दोन महिने मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात लपत असे’ असे लिहिणारे पत्र दहा गोड पत्रांपेक्षा कामाचे असते. मात्र परकेपणा कमी होतो हे आश्वासन जिथे खरे ठरते तिथेच ते द्यावे. ज्या वर्गात चार दिवसांच्या गैरहजेरीची दखल घेतली जात नाही, तिथे अशी पत्रे वाचायला देणे ही फसवणूक होईल. म्हणून आधी पाकीट, मग पत्रे.

आता मुख्याध्यापकांकडे नेमके काय मागावे. मोठा उपक्रम मागू नका. या तुकडीला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांची दर महिन्याला अर्ध्या तासाची एक बैठक मागा. दार बंद करून ४२ नावांची यादी भिंतीवर लावा आणि प्रत्येक शिक्षकाला अशा मुलांच्या नावापुढे खूण करायला सांगा, ज्यांच्याविषयी गुण आणि वर्तणूक सोडून एखादी तरी गोष्ट त्याला ठाऊक आहे आणि ज्यांच्याशी त्या महिन्यात त्याचे अभ्यासाव्यतिरिक्त बोलणे झाले आहे. काही नावांपुढे सहा खुणा दिसतील. ती बहुधा पुढच्या बाकावरची आणि सर्वांत जास्त त्रास देणारी अशी दोन्ही टोकांची मुले असतील. काही नावांपुढे एकही खूण नसेल. ती नावे शिक्षकांनी आपसांत वाटून घ्यावीत, एकाकडे दोन किंवा तीनपेक्षा अधिक नकोत, आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्या मुलांशी आठवड्यातून दोनदा दोन मिनिटे बोलावे. ही वाटणी मुलांना कधीही कळू देऊ नये. यादी बैठक संपताच काढून घ्यावी.

पेटी काढून टाकू नका, पण ती महिन्यातून एकदाच उघडा आणि उघडल्यावर आठवडाभरात चिठ्ठ्यांमधील एका तरी गोष्टीचे काय केले ते वर्गाला सांगा. उत्तर न मिळणारी पेटी नसलेली बरी. सत्राच्या अखेरीस मुख्याध्यापक परिणाम विचारतील तेव्हा त्यांच्यापुढे तीन आकडे ठेवा: पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत खूण नसलेली नावे किती होती, पुन्हा-पुन्हा गैरहजर राहणारी मुले आधी किती आणि आता किती, आणि ‘अडचण आली तर बोलता येईल असे एक तरी मोठे माणूस या शाळेत आहे’ या विधानाला नाव न घालता ‘हो’ म्हणणारी मुले किती. तिसऱ्या आकड्याची पहिली नोंद मात्र आता, काहीही सुरू करण्यापूर्वी, घेऊन ठेवा. नाहीतर तुलना करायला तुमच्याकडे काही उरणार नाही.